नितळ पाणी, आजारी मासे

मंडळी, आज जरा मास्तरकी करणार आहे, सांभाळून घ्या. पण दोन भावांनी आणि एका मावसबहिणीने नुकतेच घरी फिश टँक आणलेत, तेव्हा माझी फजिती त्यांच्या कामी यावी.

आम्ही नारायणगावचे. मागच्या जुलैत लेकीच्या वाढदिवसाला टँक आणला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरला तर छप्पन्न लिटर. त्याच संध्याकाळी आठ गोल्डफिश सोडले. दुकानदार काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाणी ताकासारखं पांढुरकं! मी सगळं पाणी उपसलं, खडी घासली, फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून चोळून धुतला. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग आठवली आजीची तुरटी. पावसाळ्यात मीना लाल गढूळ व्हायची, तेव्हा आजी हंड्यात तुरटी फिरवायची. मीही टँकमध्ये फिरवली. सकाळी पाणी आरशासारखं, आणि सहा मासे पोट वर करून तरंगत होते. लेक एवढंच म्हणाली, "बाबा, पण पाणी तर स्वच्छ होतं ना?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. नितळ पाणी आणि निरोगी पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण डोळ्यांना दिसतं त्यालाच स्वच्छ म्हणतो.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. तो दिसत नाही, पण विषारी असतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात (तेही घातकच), दुसरे त्याचं नायट्रेट करतात, जे थोडं असेल तर मासे सहन करतात. हे जिवाणू विनोग्रादस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास शोधले. ते राहतात स्पंजवर आणि खडीवर, आणि पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे घेतात. मी त्यांना दर चार दिवसांनी नळाखाली धूत होतो! त्यात पावसाळ्यात नळाच्या पाण्यात टीसीएल पावडरचा हात सढळ असतो. क्लोरीन जिवाणूंनाही मारतो आणि माशांचे कल्लेही जाळतो. तुरटीने गाळ बसला, अमोनिया तिथेच राहिला. वर तुरटी पाणी आम्लधर्मी करते, ते वेगळंच.

आणि ते पांढुरकेपण? नव्या टँकमध्ये दुसऱ्याच जिवाणूंची गर्दी झाल्याने ते येतं. खाद्य कमी करून गप्प बसलं तर बहुधा आपसूक जातं.

उपाय मिळाला तो मंचरला. तिथे एका मित्राकडे जुना टँक आहे. त्याने आपल्या फिल्टरचा अर्धा मळका स्पंज कापून दिला. "हे विरजण समज," म्हणाला. टँकच्याच पाण्यात बुडवून तो डबा मांडीवर घेऊन एसटीने आलो. शेजारच्या काकूंना वाटलं, कालवण आहे :-)

आता नियम साधे आहेत. आधी दोनच मासे, बाकीचे हळूहळू. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य. आठवड्याला पाव टँक पाणी बदलायचं, तेही क्लोरीन मारणारं औषध घालून. स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळायचा, नळाखाली कधीच नाही. टँक उन्हात नको, पाणी हिरवं होतं. आणि अमोनिया तपासायचं किट घ्या, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका.

माझं मत असं, की टँक मारतो तो आळस नव्हे, आपला घासण्याचा उत्साह. आपल्याला स्वच्छता म्हणजे काहीतरी करणं वाटतं. इथे निम्मी स्वच्छता म्हणजे हात आवरणं. विरजण लावलेलं भांडं आपण तासातासाला ढवळतो का?

वाचलेले दोन गोल्डफिश त्याच मित्राच्या मोठ्या टँकमध्ये गेले, त्यांना आमची जागा अपुरी होती. आमच्याकडे आता गप्पी आहेत. काचेच्या कोपऱ्यात थोडं शेवाळ आहे. पाहुणे म्हणतात, "अरे, घासून काढ की." लेकच त्यांना परस्पर सांगते, "राहू दे काका, मासे बरे आहेत."

असो. भाऊ, मावसबहीण, विरजण हवं असेल तर फोन करा.