"पूर्ण नाव सांगा भाऊ"

मागच्या महिन्यात एका मित्रासोबत नागपुरात किरायाचं घर पाहत फिरलो. ब्रोकरनं आधी बजेट विचारलं, मग म्हणाला, "पूर्ण नाव सांगा भाऊ." आडनाव ऐकलं अन् सकाळी रिकामा असलेला फ्लॅट "कालच गेला"!

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नव्हती. १९५६ साली त्यांनी धम्मदीक्षा दिली ती याच नागपुरात. आणि आपण आजही आडनाव विचारूनच कुलूप उघडतो?

नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५, कलम ४ वाचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही कोणत्याही वस्तीत घर घ्यायला, राहायला अडवणं हा गुन्हा आहे. धर्म पाहून खासगी मालकानं नकार दिला तर मात्र असा थेट कायदा नाही. महारेराची नोंदणीही प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटला लागते, किरायाच्या ब्रोकरला नाही. पळवाट इथंच आहे.

म्हणून मेसेज, कॉलची नोंद जपून ठेवा. जातीवरून नकार आला तर ठाण्यात लेखी तक्रार द्या.

आणि ब्रोकर भाऊ, "मालकच नाही म्हणतात" हे पुरे झालं. चाळणी तुमच्या हातात आहे, कमिशनही तुम्हीच घेता. पुढच्या वेळी आडनाव विचारायच्या आधी थांबा.