प्रश्नपत्रिकेत मण्यारही यायला हवी

‘सर्पदंशाचे प्रकार सांगून परिचारिकेची जबाबदारी लिहा.’ असा प्रश्न आला की जीएनएम या नर्सिंग अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाची मुलगी न अडखळता दोन पानं भरते. विषारी-बिनविषारी साप, विषाचे परिणाम, प्रथमोपचार, प्रतिविष, सगळं मुद्देसूद. गुणही चांगले पडतात. पण त्या प्रश्नात एक सोय असते, जी आमच्याकडे येणाऱ्या रुग्णाबरोबर बऱ्याचदा येत नाही. साप चावलाय, हे प्रश्नानंच आधी सांगून टाकलेलं असतं.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. इथल्या आणि राजुरा-कोरपन्याकडच्या काही मुली चंद्रपूर-नागपूरला नर्सिंग शिकतात. सुट्टीत गावी आल्या की माझ्याकडे येतात, एरवी फोन करतात. त्यांना नोट्स हव्या असतात, मी त्यांना रुग्ण देते. कागदावरचा रुग्ण, अनेक खऱ्या रुग्णांचे तपशील मोडून-जोडून बनवलेला आणि एका दमात न सांगितलेला. परिचारिकेचा परवाना हाती देण्याआधी शासनानंही अशीच परीक्षा घ्यावी, एवढंच मला सांगायचं आहे.

एक उदाहरण देते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. अकरा वर्षांची मुलगी, रात्री जमिनीवर अंथरुणात झोपलेली. पोटात दुखतंय म्हणून उठली, दोनदा उलटी झाली. ताप नाही. आई म्हणते, काल सणाचं गोडधोड जास्त झालं. आता सांगा, काय दिसतंय?

बहुतेक मुली पोटदुखीवर झडप घालतात. अपचन, जंतुसंसर्ग, ओआरएस. मी हो-नाही काहीच म्हणत नाही, पुढचा तुकडा देते. अर्ध्या तासानं मुलीच्या पापण्या जड झाल्यात. ती डोळे नीट उघडत नाही, आईला वाटतं झोप येतेय. आवाज नाकातून येतोय, थुंकी गिळायला त्रास होतोय. इथे खोलीत शांतता पसरते आणि मग कुणीतरी दबक्या आवाजात ‘मण्यार’ म्हणतं. लगेच दुसरी विचारते, “पण मॅडम, चावल्याची खूण कुठंय?” प्रश्न रास्त आहे. मण्यारीच्या दंशाला फारशी आग होत नाही, सूज येत नाही, कधी खूणही सापडत नाही. झोपेतल्या माणसाला ती चावल्याचं कळतही नाही. म्हणून इथे खूण शोधत बसायचं नसतं. पावसाळा, जमिनीवरची झोप, पहाटेची पोटदुखी आणि जड पापण्या या चार गोष्टी एकत्र ठेवायच्या असतात.

मग मी एक सापळा लावते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवलं. रक्त गोठलं. आता काय? निम्म्या मुली सुटकेचा श्वास टाकतात. पण ती चाचणी घोणस आणि फुरशाच्या विषाची, रक्त न गोठू देणाऱ्या विषाची. मण्यारीचं विष नसांवर काम करतं, त्यात रक्त नेहमीसारखंच गोठतं. ही वाक्यं त्यांच्या वहीत असतात, पण दोन वेगवेगळ्या पानांवर.

पुढचे प्रश्न भराभर येतात. या मुलीचा जीव आधी कशानं जाईल? श्वास थांबल्यानं. मग प्रतिविष चढवण्याची तयारी करताना हात कशाजवळ हवा? अंबू बॅग आणि सक्शनजवळ. मूल आहे म्हणून प्रतिविषाची मात्रा कमी करायची का? नाही, कारण सापानं विष टोचताना वय पाहिलेलं नसतं. प्रतिविष सुरू झाल्यावर अंगावर गांध्या उठल्या, खाज सुटली, रक्तदाब उतरू लागला तर? ॲड्रेनलिन आधीच भरून ठेवलेलं हवं. आणि शेवटचा प्रश्न, जो आमच्या परीक्षेत मी कधी पाहिला नाही. मुलगी सुधारतेय की बिघडतेय, हे कशावरून ओळखाल? तिला एका श्वासात आकडे मोजायला सांगायचं. मघाशी वीसपर्यंत जात होती, आता बारालाच थांबली, तर यंत्राची वाट न बघता डॉक्टरांना हाक मारायची आणि तिला सोबत घेऊन निघायची तयारी करायची.

एवढ्या एका रुग्णात औषधशास्त्र आलं, शरीरशास्त्र आलं, बालरोग आले आणि परिचारिकेची जबाबदारीही आली. फरक एवढाच की या वेळी विद्यार्थिनीला जबाबदारी लिहायची नव्हती, पार पाडायची होती.

ही कल्पना माझी नव्हे. अमेरिकेत परिचारिकेच्या परवान्यासाठी ‘एनक्लेक्स’ ही परीक्षा द्यावी लागते, तिथे नोकरीला जाणाऱ्या आपल्या मुलीही ती देतात. 1 एप्रिल 2023 पासून ती परीक्षा बदलली. आता प्रत्येक उमेदवाराला किमान तीन रुग्णकथा सोडवाव्या लागतात आणि प्रत्येक कथेवर सहा प्रश्न असतात. खुणा टिपा, त्यांचा अर्थ लावा, कोणती शक्यता आधी धरायची ते ठरवा, उपाय आखा, कृती करा, तिचा परिणाम तपासा, असा त्या सहांचा क्रम. अर्धवट बरोबर उत्तरालाही त्याच्या वाट्याचे गुण मिळतात. आपल्याकडे परवान्यासाठी अशी वेगळी परीक्षा नाही. मंडळाची किंवा विद्यापीठाची परीक्षा पास झाली की महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते. भारतीय परिचर्या परिषदेच्या 1947 च्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेनं 2023 मध्ये नवा कायदा केला. नियम नव्यानं लिहिण्याची वेळ आहेच, तर शेवटची परीक्षा नेमकं काय तपासते, हेही याच वेळी ठरू द्या.

पण अमेरिकेपर्यंत कशाला जायचं? असा निर्णय घ्यायला शिकवता येतं, याचा दाखला आमच्या शेजारच्या गडचिरोलीत पंचवीस वर्षांपूर्वीच मिळालाय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 39 गावांत गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला जंतुदोष झालाय का, हे त्या ठरवत आणि ठरलेल्या पद्धतीनं प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देत. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. जंतुदोष झालेल्या बाळांतली मृत्यूंची टक्केवारी 16.6 वरून 2.8 वर आली होती.

त्या बायकांना शिकवलेली लक्षणं प्रत्येक नर्सिंग शिक्षकानं डोळ्यांखालून घालावीत. आधी नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं क्षीण झालं का? आधी नीट दूध ओढणारं बाळ आता ओढत नाही का? आधी जागं, तरतरीत असलेलं बाळ मलूल झालं का? अशा ठरावीक खुणांपैकी दोन एकाच वेळी दिसल्या की निदान पक्कं. यातल्या कितीतरी खुणा म्हणजे कालच्या आणि आजच्या बाळातला फरक आहे. तो कळायला बाळ पुन्हा पुन्हा पाहावं लागतं आणि आईला नेमकं विचारावं लागतं. निर्णयशक्ती उपजत असते किंवा ती अनुभवानंच येते, असं म्हणणाऱ्यांना गडचिरोलीच्या बायकांनी उत्तर दिलंय. ती शिकवता येते, माणसाच्या स्वतःच्या भाषेत शिकवता येते आणि तिचा परिणाम मोजताही येतो. पुढे 2011 पासून आशाताईंच्या घरभेटींमार्फत हे काम देशभर गेलं.

मग अमेरिकेची प्रश्नपेढी आणून वाटली की झालं? तसं नाही. त्या प्रश्नांत डॉक्टर हाकेच्या अंतरावर असतो, रक्ताचा अहवाल थोड्या वेळात येतो. आमच्या माणिकगडच्या डोंगरात निर्णयाचं गणित वेगळं आहे. कोलाम आदिवासींच्या गुड्यावरची, म्हणजे पाड्यावरची आई तिच्या बोलीत बोलते, शेजारीण त्याचं मोडकं मराठी करते, आणि ‘दूध पीत नाही’ व ‘दूध कमी पितो’ यांतला फरक तिथेच हरवू शकतो. फोनला रेंज असेलच असं नाही. 108 ची गाडी निघाली तरी घाट चढून यायला वेळ लागतो, आणि पुढे गडचांदूर, तिथून चंद्रपूर. म्हणून आमच्याकडे ‘काय झालंय’ याच्या आधी ‘किती वेळ हातात आहे’ हे विचारावं लागतं.

समजा, आठव्या महिन्यातली बाई आलीय. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, रक्तदाब 160/110. गाडीची वाट पाहता पाहता तिला झटका आला. शासनाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशा वेळी उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे सहायक परिचारिकासुद्धा मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊ शकते, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, खोल स्नायूत. मग श्वास मोजत, गुडघ्याचा झटका तपासत, लघवीवर लक्ष ठेवत पुढे पाठवायचं. मात्रा मुलींना पाठ असते. पण “इथे तुम्ही एकट्याच आहात, द्याल का?” असं विचारलं की त्या एकमेकींकडे बघतात. दोष त्यांचा नाही. तीन वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेलाच नसतो.

यावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत. पाठांतर नको का? हवंच. 160/110 म्हणजे धोका हे पाठ नसेल तर निर्णय कशाच्या जोरावर घ्यायचा? रुग्णकथांचेही उद्या क्लास निघतील, गाइडं छापली जातील. निघू देत. तीस रुग्णकथा घोकून गेलेली मुलगी तीस व्याख्या घोकून गेलेल्या मुलीपेक्षा रुग्णाच्या जास्त जवळ पोचलेली असेल. मराठी माध्यमातल्या, आदिवासी भागातल्या मुली यात मागे पडतील, हा आक्षेप मात्र मला उलटा वाटतो. इंग्रजी व्याख्येत अडखळणारी मुलगी मण्यारीची कथा मराठीतून ऐकली की सगळ्यांच्या आधी खूण पकडते, कारण जमिनीवरची झोप तिला पुस्तकातून शिकावी लागत नाही.

खरी अडचण शिकवण्याची आहे. वॉर्डातल्या पाळीत विद्यार्थिनींना रक्तदाब घ्यायला, चादरी बदलायला, नोंदी भरायला लावून मनुष्यबळाची तूट भरून काढली जाते. पाळी संपल्यावर “आज कोणत्या रुग्णाची काळजी वाटली, आणि का?” हे विचारायला वीस मिनिटंही कुणाजवळ नसतात. परीक्षेत ते विचारलं जाऊ लागलं, तर वर्गात आणि वॉर्डातही त्यासाठी वेळ काढावा लागेल. आपल्या शिक्षणव्यवस्थेत प्रश्नपत्रिका बदलल्याशिवाय शिकवणी बदलत नाही, हे आपण दहावीपासून पाहत आलोय.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. एएनएम आणि जीएनएमच्या शेवटच्या परीक्षेत निदान एक तृतीयांश गुण टप्प्याटप्प्यानं उलगडणाऱ्या रुग्णकथांना द्यावेत आणि प्रश्न मराठीतही असावेत. त्या कथा रचायला प्राध्यापकांबरोबर उपकेंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका बसवाव्यात. सिकलसेलचा कळा येणारा मुलगा, मेंदूत चढलेला हिवताप, वार पडल्यावर न थांबणारा रक्तस्राव, हे आमच्या भागाचे रुग्ण त्यांत असावेत. आणि ज्या निर्णयाची परीक्षा घेणार, तो घेण्याचा अधिकार नोकरीत लेखी द्यावा. नाहीतर परीक्षेत बरोबर उत्तर देणारी मुलगी कामावर मात्र कारवाईच्या भीतीनं हात आखडता घेईल.

मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नवख्या परिचारिकेच्या मागे वरिष्ठ सिस्टर असते, निवासी डॉक्टर असतात. तिचा निर्णय चुकला तर तो दुरुस्त करणारं कुणीतरी जवळ असतं. जिवतीत, भामरागडमध्ये, एटापल्लीत तीच मुलगी त्याच परवान्यावर रात्री एकटी असू शकते. परवाना सगळीकडे एकच असेल, तर त्याची परीक्षा ठरवताना सगळ्यात अवघड जागेवरची रात्रपाळी डोळ्यांपुढे हवी.