नाणेघाटाचा रांजण

बुलढाण्याहून धाडमार्गे पश्चिमेस निघालेल्या प्रवाशास वाटेत भोकरदन लागते. हेच प्राचीन भोगवर्धन. येथील दात्यांची नावे भरहूत व सांचीच्या लेखांत आहेत. सातवाहनकाळी पैठण-जुन्नरकडून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जाणारा माल नाणेघाटातून उतरे.

घाटमाथ्यावर आज एक दगडी रांजण उभा आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असे लोक सांगतात. जवळच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणे यांच्या संख्या त्यात चक्क अंकांत कोरल्या आहेत. व्यापारी वाटेला शोभेसाच हा हिशेब! मागील भिंतीवर राजकुलाच्या प्रतिमा होत्या. आता वर नावे आणि खाली पावलांच्या खुणा, एवढेच उरले आहे.

जपानातील शिराकावाच्या नाक्याचे भाग्य निराळे. पहारा उठून गेल्यावरही कवी तेथे जात राहिले. बाशो १६८९ मध्ये गेला. नाणेघाटास असा कवी लाभला नाही. तथापि गाथासप्तशती ज्याच्या नावावर आहे, तो हाल याच कुळातला, आणि त्या प्राकृत गाथांत परगावी गेलेला पथिक व त्याची वाट पाहणारी गृहिणी पुनःपुन्हा भेटतात. पैठणच्या सातवाहन राजाच्या विनंतीवरून कालकाचार्यांनी पर्युषणाची पंचमी चतुर्थीस आणली, ही श्वेतांबर परंपरेतील कथाही येथे आठवावी.

घाटात गेलेल्या कुटुंबाने केवळ रांजणापाशी छायाचित्र काढून परतू नये. लेण्यात शिरावे, मुलांना ते अंक दाखवावेत. अक्षरांवर हात मात्र फिरवू देऊ नये. लेखाचा बराच भाग आधीच नष्ट झाला आहे.