संग्राहकांचे सार्वजनिक ऋण

पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात झळकला. त्यातील ७ गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या नाहीत आणि चित्रपटाची प्रतही आज उपलब्ध नाही; ती गाणी लोपली. पुढील अनेक चित्रपटांची गाणी मात्र तबकड्या जमविणाऱ्या रसिकांमुळे टिकली. बाजारपेठ खपेल तेच पुन्हा काढते; न खपणारे या मंडळींनी पदरमोड करून जपले. कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. परंतु तबकडीच भंगारात गेली, तर त्या मुक्ततेचा समाजाला उपयोग काय? संग्राहकाच्या पश्चात त्याचा ठेवा स्वीकारून त्याची सूची करण्याचे दायित्व विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी पत्करले पाहिजे.