अकरा एप्रिल, आंबापाणी

धरणगावच्या आमच्या घरात एक पितळी बक्कल होतं. पट्टा केव्हाच कुजून गेलेला, नुसतं बक्कल उरलेलं. दसऱ्याला विळा, कोयता आणि कुऱ्हाड पाटावर मांडली की आजी ते चिंचेने घासून शेजारी ठेवायची आणि त्यावर हळदकुंकू वाहायची. ते माझ्या खापरपणजोबांचं. ते इंग्रजांच्या भिल्ल पलटणीत होते. कागदोपत्री तिचं नाव 'खानदेश भिल्ल कोअर', आणि तिचं ठाणं आमच्याच गावात होतं.

माझ्या आईचं माहेर शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, पळासनेरच्या अलीकडे. तिथून बिजासनचा घाट चढला की सेंधवा. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही मामाकडे जायचो, तेव्हा आई निघतानाच बजावून ठेवायची, "तिथं बक्कलाचं नाव काढू नका." मामाच्या घरी १८५७ मध्ये इंग्रजांवर उठलेल्या खाज्या नाईकाचं नाव देवासारखं घेतलं जाई. आईचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या चुलत आज्याने पलटणवाल्यांच्या घरी मुलगी द्यायला साफ नकार दिला होता म्हणे. लग्न १९५५चं. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं उलटली होती, पलटणही केव्हाच पोलिसात विरून गेली होती, तरी नकार ताजा होता.

मी चोपडा तालुक्यात एकतीस वर्षं इतिहास शिकवला. माझ्या हाताखालून गेलेल्या पुस्तकांत भिल्लांचा उठाव एखाद्या ओळीत उरकलेला असे. मुलांना ती ओळ पाठ असे आणि तिच्यापलीकडे काही ठाऊक नसे. शाळेत निम्मी मुलं भिल्ल आणि पावरा. त्यांच्याच आज्या-पणज्यांची ती ओळ होती.

ही गोष्ट खानदेशाने नीट सांगायला हवी, दोन्ही बाजूंनी सांगायला हवी, म्हणून हे लिहितो आहे.

१८१८ साली खानदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या हातात आला. कसा आला ते पाहायचं असेल तर तापीकाठी थाळनेरला जावं. होळकरांनी मंदसोरच्या तहात सोडून दिलेला तो किल्ला घ्यायला जनरल हिस्लॉप २७ फेब्रुवारीला आला. दरवाजाशी गोंधळ झाला, काही गोरे अधिकारी मारले गेले. मग किल्लेदार तुळशीराम मामाला फासावर चढवलं आणि आतल्या शिबंदीची कत्तल केली. खुद्द इंग्लंडमध्ये त्यावर टीका झाली. मी मुलांची सहल तिथे नेत असे. ढासळलेल्या तटाखाली बसवून एवढंच सांगायचो की नव्या राज्याचा आपल्या जिल्ह्यातला पहिला दिवस असा होता.

पण भिल्लांच्या मनातली भीती इंग्रजांपासून सुरू झालेली नव्हती. १८०४ मध्ये, पेशवाईत, सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने गोदावरीकाठी कोपरगावला भिल्लांना बोलणीसाठी म्हणून जमवलं आणि दगा देऊन विहिरींत लोटलं. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा एक सहकारी मला म्हणाले, "हे कशाला काढता गुरुजी?" मी काढलं, कारण ते काढल्याशिवाय पुढचं समजत नाही.

पुढचं असं. घाट आणि खिंडी राखायच्या आणि त्याबद्दल गावांकडून हक्काचं धान्य, पैसा घ्यायचा, हा भिल्ल नाईकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार होता. दुष्काळ आणि लढायांनी तो मोडला होता, कंपनीच्या अंमलात तो आणखी मोडला. नाईक उठले. डोंगरात फौजा पाठवून काही निष्पन्न होईना. हवामानानेच शिपाई मरत. तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने दुसरी वाट काढली. डोंगरातल्या माणसांना माफी द्यायची, बी-बियाणं आणि बैलांसाठी तगाई देऊन जमिनीवर बसवायचं, आणि त्यांच्यातलेच तरणे गडी निवडून पलटण उभी करायची. १८२५ मध्ये हे काम बावीस वर्षांच्या लेफ्टनंट जेम्स औटरमकडे आलं.

औटरमने एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. भरतीला माणसं येईनात, कारण डोंगरात अफवा होती की हे आपल्याला एकत्र जमवून एकदम मारणार. इतकंच नव्हे, तर साहेबाच्या देशात भिल्लाच्या रक्ताचं औषध करतात, त्यासाठी हे चाललं आहे. इंग्रजी पुस्तकांत ही अफवा रानटी माणसांच्या भाबडेपणाचा नमुना म्हणून येते. मी ती वाचली तेव्हा मला कोपरगावच्या विहिरी दिसल्या. एकवीस वर्षांपूर्वी एकत्र जमवून मारलेल्या माणसांची मुलं ती. त्यांनी दुसरं काय समजावं?

तरी ती गेली. का गेली, हे मी आजीला लहानपणी विचारलं होतं. ती चुलीपुढे बसली होती. मान वर न करता म्हणाली, "पोटनी आग कोनले सोडस, भाऊ?" त्या उत्तरापेक्षा खरं कारण मला नंतर कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. महिन्याला ठरलेला पगार, अंगावर कापड, जुने गुन्हे माफ. उपाशी घरातल्या पोराने एवढं मिळाल्यावर बंदूक खांद्यावर घेतली.

आणि मग ती बंदूक कोणावर रोखायची हे साहेब ठरवू लागला. १८५२ मध्ये जमिनीच्या नव्या मोजणीविरुद्ध एरंडोल, सावदा, फैजपूरकडचे शेतकरी हजारोंनी जमले. सारा वाढेल, जमीन हातची जाईल, ही त्यांची धास्ती. ती गर्दी मोडायला आणि म्होरके पकडायला पलटण गेली. त्याच फैजपुरात चौऱ्याऐंशी वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. त्या अधिवेशनाचा अभिमान आम्हा खानदेशकरांना आहे आणि असावाच. पण तिथल्या शेतकऱ्याने सरकारला आधी एकदा अडवलं होतं, ही आठवण त्या अभिमानात क्वचितच येते.

आता खाज्या नाईक. इंग्रजांच्या दप्तरात तो दरोडेखोर आहे. मामाच्या घरी तो राजा आहे. मला वाटतं, दोघांनीही त्याची अर्धी गोष्ट सांगितली. खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटात मुंबई-आग्रा रस्ता राखायचा, तोही सरकारच्याच चाकरीत. वर्षानुवर्षं ते काम त्याने केलं. मध्ये एका कैद्याच्या मृत्यूवरून तो तुरुंगात गेला, सुटला, आणि १८५७ मध्ये गडबड सुरू झाल्यावर सरकारने त्याला पुन्हा कामावर घेतलं. त्याने मात्र या वेळी चाकरी झुगारली. भीमा नाईक आणि इतर नाईक त्याच्याबरोबर आले. इंदूरहून मुंबईकडे चाललेला खजिना त्यांनी अडवून नेला.

म्हणजे माझ्या खापरपणजोबांना आणि खाज्या नाईकाला वेगळं करणारी रेघ दोन माणसांच्या मधून जात नाही. ती एकाच माणसाच्या आयुष्यातून जाते. तोही राखणदार होता. एका सकाळी तो उलटा फिरला, आमचे खापरपणजोबा फिरले नाहीत, एवढाच फरक.

११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात आंबापाणीला लढाई झाली. भिल्लांनी खडकांच्या आडून दिवसभर तोंड दिलं. गोरे अधिकारीही घायाळ झाले. खाज्याचा मुलगा तिथे पडला. लढाई संपल्यावर जे हाती लागले त्यांच्यापैकी कितीतरी जणांना जागच्या जागी चौकशीचा देखावा करून गोळ्या घातल्या. शेकडो बायका धरून नेल्या. खाज्या नाईक निसटला, १८६० मध्ये दगाफटक्याने मारला गेला. भीमा नाईक अंदमानात वारला. औटरम त्या सुमारास लखनौच्या लढाईने प्रसिद्ध झाला होता. पुढे त्याला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलं. मामा मला तरुणपणी आंबापाणीच्या बाजूला घेऊन गेला होता. त्याने एका खडकावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. खापरपणजोबा त्या उन्हाळ्यात कुठे होते, हे आमच्या घरात कोणी कधी सांगितलं नाही. आजीलाही विचारलं होतं. ती उठून गेली.

हे सगळं आता लिहावंसं का वाटलं, तर माझा एक जुना विद्यार्थी फिलिपाइन्समध्ये दावाओला डॉक्टरकी शिकतो आहे. चोपड्याकडचा केळीवाल्यांचा मुलगा. पहिल्याच फोनवर म्हणाला, "सर, इथंही केळीच केळी, घरी असल्यासारखं वाटतं." गेल्या १२ जूनला त्याने झेंड्यांचे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं की यांचे स्वातंत्र्याचे दिवस दोन आहेत. मी निवृत्त माणूस, वेळ होता, वाचत गेलो.

स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाचं नाव त्या बेटांना चिकटलं आणि तिथल्या माणसांनाही. १५६५ पासून तीनशेहून अधिक वर्षं स्पेनचं राज्य होतं. मध्ये १७६२ ते १७६४ इंग्रजांनी मनिला घेतली तेव्हा कंपनीचे मद्रासकडचे शिपाईही नेले होते. त्यातले काही तिथेच कायंता नावाच्या गावाकडे राहिले. १२ जून १८९८ ला एमिलियो आगिनाल्दो याने स्वातंत्र्य जाहीर केलं. सहा महिन्यांत स्पेनने तो देश दोन कोटी डॉलरला अमेरिकेच्या हवाली केला, ज्यांचा देश त्यांना न विचारता. मग अमेरिकेशी लढाई झाली. २३ मार्च १९०१ ला पालानानच्या डोंगरी भागात आगिनाल्दो पकडला गेला. पकडायला गोरा अधिकारी फन्स्टन होता, पण त्याच्याबरोबरची फौज होती माकाबेबे गावच्या फिलिपिनो शिपायांची. त्यांनी कुमक घेऊन आल्याचं सोंग घेतलं आणि आगिनाल्दोने त्यांना आत येऊ दिलं.

इथे मी वाचायचं थांबलो. कपाट उघडून बक्कल बाहेर काढलं.

त्या देशाला अमेरिकेने ४ जुलै १९४६ ला स्वातंत्र्य दिलं. अमेरिकेचाच स्वातंत्र्यदिन त्यासाठी निवडला होता. पंधरा-सोळा वर्षं तोच साजरा झाला. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मकापागाल यांनी तो बदलून १२ जून केला. राज्यकर्त्याने ज्या दिवशी दिलं तो दिवस मागे, आपण ज्या दिवशी जाहीर केलं तो दिवस पुढे. ४ जुलैही त्यांनी पुसून टाकला नाही, त्याला दुसरं नाव देऊन ठेवला.

खानदेशालाही असा एक दिवस पुढे आणायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. १५ ऑगस्ट सगळ्यांचा आहेच. ९ सप्टेंबरला नंदुरबारला पोलिसांच्या गोळीबारात शहीद झालेला शिरीषकुमार मेहता आणि त्याच्या चार सोबत्यांसाठी डोकं झुकतं. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे आम्ही पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. आंबापाणीचं नाव मात्र भिल्ल वस्त्या आणि आदिवासी संघटनांच्या मेळाव्यांपुरतं उरलं आहे. धुळे किंवा जळगाव शहरातल्या दहा शिकलेल्या माणसांना विचारून पाहा. मी विचारलं आहे.

काही तरुण मला म्हणतात, पलटणीत गेलेल्यांची नावं गद्दारांत लिहा. त्यांचा राग मला कळतो, मामाच्या घरी मी त्या रागात वाढलो. पण उपाशी पोराला पट्टा बांधणाऱ्याला मोकळं सोडून पोरालाच गद्दार म्हणणं हे मला मान्य नाही. उलट बाजूने काही जण पलटणीला 'भिल्लांचं कल्याण' म्हणतात. औटरमने भिल्लांना माणसात आणलं, हे वाक्य मी शिकल्या-सवरलेल्या लोकांच्या तोंडून ऐकलं आहे. भिल्ल आधीच माणसं होती. त्यांचा घाट होता, हक्क होता, नाईक होता.

हक्काची ती गोष्ट १८५८ ला संपलीही नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शहाद्याकडे अंबरसिंग सुरतवंतींनी भिल्ल मजुरांना उभं केलं, ते गेलेल्या जमिनींसाठी आणि रोजासाठीच. १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला. २००६ मध्ये वनहक्काचा कायदा झाला. आजही शिरपूर-चोपड्याच्या पट्ट्यात माझे विद्यार्थी वनजमिनीच्या दाव्यांचे कागद घेऊन तहसीलच्या पायऱ्यांवर बसलेले मला भेटतात. शाळेतल्या एका ओळीचे ते वारस आहेत. त्यांच्या हक्काकडे मेहेरबानी म्हणून पाहिलं जातं, कारण तो हक्क मोडला कधी आणि कोणी, हे समोरच्या साहेबाला कोणी शिकवलेलंच नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. जळगावच्या आमच्या विद्यापीठाने, ज्याला बहिणाबाईंचं नाव आहे, दोन्ही घरांच्या आठवणी गोळा कराव्यात. सातपुड्यातल्या म्हाताऱ्यांकडे खाज्या-भीमाची गाणी आहेत, धरणगाव-एरंडोलकडच्या भिल्ल घरांत पलटणीच्या वस्तू असतील. धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे, कागद जपायची सवय या जिल्ह्याला जुनी आहे. कागद नसलेल्यांचीही दप्तरं तिथे असावीत. आमचं बक्कल मी द्यायला तयार आहे. मामाच्या मुलाशी बोललो आहे. त्याची अट एकच, शेजारी खाज्या नाईकाचं नाव असायला हवं.

आणि अकरा एप्रिल. त्या दिवशी महात्मा फुल्यांची जयंती असते. सगळ्या शाळांत फोटो बाहेर काढतात, हार आणतात, दोन भाषणं होतात. आंबापाणीची लढाई झाली त्या दिवशी जोतिरावांना एकतीस वर्षं पूर्ण झाली होती. मुलं जमलेली असतात, वेगळी सुटी नको, वेगळा खर्च नको. त्याच कार्यक्रमात कोणा गुरुजींनी, बाईंनी दहा मिनिटं आंबापाणी सांगावं. लढलेल्यांचं सांगावं आणि पलटणीतल्यांचंही. पुढच्या वर्षी माझ्या जुन्या शाळेत मी स्वतः जाणार आहे, मुख्याध्यापकांना तसं कळवलं आहे. मामाचा मुलगा पळासनेरहून एस.टी.ने येतो म्हणाला आहे.