घरचे आरोग्य : कुशीवर निजू न देणारा खुबा



इन्सुलीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. सावंतवाडी आणि बांदा यांच्या मधले, घाटाचे आणि तपासणी नाक्याचे हे गाव मुंबई-गोवा महामार्गाने जाणाऱ्या-येणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. भगिनीचे वय ६३. पत्र नातीने लिहिले आहे, पण आजीचे बोलणे तिने जसेच्या तसे मालवणीत ठेवले आहे : ‘‘डाव्या कुशीर निजाक गावना नाय. उजव्या कुशीर वळलंय तरी डावो खुबोच ठणकता.’’ आठ महिने हे चालले आहे. एक्स-रे काढला, त्यात काही निघाले नाही. मुंबईचा मुलगा गोळ्या पाठवतो, त्या घेतल्या की तेवढ्यापुरते बरे वाटते. शेजारच्या बाईंनी तेल लावून खुब्याचे हाड अंगठ्याने दाबून दिले, त्या रात्री तर डोळ्याला डोळा लागला नाही. आणि ज्याला त्याला विचारावे तर उत्तर एकच, वय झाले. आता त्यांनी विहारात जाणेही सोडले आहे. खाली बसले की उठता येत नाही आणि चारचौघांत कुणीतरी हात धरून उठवावे, याची लाज वाटते.

पत्रावरून रोग ठरवता येत नाही, हे आधीच सांगते. परंतु या भगिनीने केलेले वर्णन इतके नेमके आहे आणि आपल्या घराघरांतील पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत हे दुखणे इतके आढळते, की आजचा सगळा मजकूर त्यालाच द्यावा असे वाटले. ‘वय झाले’ हे कोणत्याही दुखण्याचे नाव नाही. या दुखण्याला नाव आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत उतारही आहे.

कमरेच्या बाजूला, जिथे हात टेकवून आपण उभ्या राहतो त्याच्या थोडे खाली, बाहेरच्या अंगाला एक कठीण उंचवटा हाताला लागतो. ते मांडीच्या हाडाचे वरचे टोक. नितंबातले दोन स्नायू चिवट दोरीसारख्या कंडरांनी या टोकाला बांधलेले असतात. आपण एका पायावर उभ्या राहतो तेव्हा कंबर दुसऱ्या बाजूला कलू न देण्याचे काम हे स्नायू करतात. म्हणजे चालताना प्रत्येक पावलाला ते राबतात. हाड आणि कंडरा एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये एक चपटी, बुळबुळीत द्रवाची पिशवी असते. तिला बर्सा म्हणतात. ती सुजली की बर्सायटिस.

डॉक्टर मंडळी पूर्वी सगळा दोष या पिशवीलाच देत. पुढे सोनोग्राफी आणि एमआरआय आले तेव्हा चित्र बदलले. अशा दुखण्याच्या ८७७ रुग्णांची सोनोग्राफी तपासलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पिशवी सुजलेली आढळली ती पाचांतल्या एकाचीच. निम्म्या जणांत कंडरा झिजून जाड झालेल्या होत्या. नाव बर्सायटिस राहिले, पण मूळ बहुधा कमजोर झालेल्या कंडरेत असते. हा नुसता शब्दांचा खेळ नाही. सूज असती तर पडून राहून, गोळी खाऊन ती उतरली असती. कमजोर कंडरेला पडून राहणे मानवत नाही. ती आणखी कमजोर होते. साध्या एक्स-रेत पिशवी आणि कंडरा नीट दिसत नाहीत, म्हणून ‘एक्स-रेत काही नाही’ याचा अर्थ ‘बाईला काही नाही’ असा कुणी घरात लावू नये.

हे दुखणे पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होते, आणि तेही पाळी जाण्याच्या सुमारास आणि नंतर. बायकांच्या कमरेची ठेवण आणि पाळी गेल्यावर शरीरात होणारे बदल, ही त्याची कारणे सांगितली जातात. माझ्या मते आपल्याकडे आणखी एक गोष्ट धरली पाहिजे. कळशी कमरेवर, मूल कडेवर, आणि दोन्ही वेळा भार बहुधा एकाच बाजूला. त्यात कोकणातली जमीन चढ-उताराची. जांभ्याच्या पायऱ्या, लावणीच्या दिवसांत चिखलातून रुतणारे पाय, काजूच्या दिवसांत उतारावर वाकून बी गोळा करणे. तीस-चाळीस वर्षे हे केलेल्या खुब्याने साठीत तक्रार केली तर नवल कसले?

आता रात्रीचे पाहू, कारण सगळ्यांत जास्त हाल तेव्हाच होतात. दुखऱ्या कुशीवर निजले तर सगळे वजन त्या टोकावर येते. खाली नुसती चटई असेल तर विचारूच नका. पण दुसऱ्या कुशीवर वळले तरी का दुखते, हे कोडे पत्रात आहे. त्याचे उत्तर असे, की वरचा पाय घसरून पुढे, खालच्या पायाच्या पलीकडे पडतो आणि मांडीच्या बाहेरून गेलेला जाड पट्टा ताणला जाऊन कंडरेला हाडावर दाबतो. रात्रभर ती चेंगरत राहते. म्हणून बऱ्या कुशीवर निजताना दोन्ही गुडघ्यांच्या आणि घोट्यांच्या मध्ये जाडशी उशी किंवा गुंडाळलेली गोधडी ठेवावी, म्हणजे वरचा पाय कमरेच्या उंचीला राहतो. उताणे निजायचे तर गुडघ्यांखाली उशी घ्यावी. चटईवर दोन-तीन गोधड्या घालाव्यात, आणि जमल्यास खाटेवर निजावे, कारण जमिनीवरून उठण्याचा त्रास त्यामुळे वाचतो. घरात एकच खाट असेल तर ती कुणाला मिळते, हे मी विचारत नाही. सर्वांना माहीत आहे.

दिवसा काय सांभाळावे? पायावर पाय टाकून बसू नये. बायका सभेत दोन्ही पाय एका बाजूला वळवून बसतात, ती बैठक या दुखण्याला फार वाईट. एका बाजूला भार येतो आणि एक मांडी आत ओढली जाते. बसची वाट पाहताना किंवा चुलीपुढे एका पायावर रेलून उभे राहण्याची सवयही सोडावी. दोन्ही पायांवर सारखा भार घ्यावा. पाणी दोन हातांत दोन लहान कळश्यांनी आणावे. त्याहून चांगले म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणीतरी आणावे. नातवंडाला कडेवर न घेता बसून मांडीवर घ्यावे. पायऱ्या चढताना आधी बरा पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली. मार्च २०२३ मध्ये महिलांना एस.टी.चे भाडे निम्मे झाले, पण गाडीची पायरी होती तेवढीच उंच राहिली. तेव्हा कठडा धरून हीच रीत तिथेही पाळावी. संडासात उकिडवे बसवत नसेल तर बाजारात मिळणारी भोक असलेली प्लॅस्टिकची खुर्ची आणावी. त्यात संकोच कसला?

संकोचाचा विषय निघालाच आहे, तर काठीबद्दल लिहिते. अनेक भगिनी म्हणतात, काठी घेतली की म्हातारी झाले. बाबासाहेबांना मधुमेह होता, पायांचे दुखणे होते, आणि अखेरच्या वर्षांत ते काठीचा आधार घेऊन उभे राहत. काठीने कुणाची मान खाली गेलेली नाही. मात्र ती धरायची कोणत्या हातात, हे बहुतेकांना उलटे वाटते. डावा खुबा दुखत असेल तर काठी उजव्या हातात. डावे पाऊल पुढे टाकताना उजव्या हातातली काठी बरोबर टेकवली की डाव्या स्नायूंवरचा भार पुष्कळ हलका होतो. दुखऱ्या बाजूला धरलेल्या काठीवर माणूस तिकडेच झुकतो. आणि विहारात मागच्या रांगेत चार खुर्च्या का असू नयेत? इगतपुरीच्या धम्मगिरीवर तासन्‌तास ध्यानाला बसायचे असते, तिथेही ज्यांना खाली बसवत नाही त्यांना खुर्ची देतात. खुर्चीवर बसून म्हटलेली वंदना कमी पडत नाही. गावच्या कार्यकर्त्यांनी मनावर घेतले तर हा एका दिवसाचा प्रश्न आहे. म्हाताऱ्या बाईने स्वतः खुर्ची मागावी, अशी वाट पाहू नये.

आता उपायांकडे. हाडावर अंगठा दाबून केलेली मालीश हा उपाय नव्हे. आधीच चेंगरलेल्या कंडरेला ती आणखी चेंगरते. तेल लावून भोवतालच्या मऊ भागावर हलका हात फिरवायला हरकत नाही, कोमट शेकही चालेल. बिब्बा घालणे किंवा तापल्या सळीने डाग देणे मात्र मुळीच करू नये. मधुमेह असलेल्या बाईला त्या जखमेने महिनोन्‌महिने छळलेले मी पाहिले आहे. मुंबईहून येणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या कोणत्या, हे डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रोज महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला इजा होते. साठीनंतर हा धोका अधिक. लावायचे मलम त्या मानाने निर्धोक.

इंजेक्शनबद्दल बरेच जण विचारतात. स्टिरॉइडचे इंजेक्शन खुब्याच्या बाजूला देतात आणि काही आठवडे चांगला आराम पडतो, हे खरे आहे. पण त्याच्या पुढचे काय? ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन आणि मेलबर्न येथे २०४ रुग्णांचे तीन गट करून हेच तपासले गेले. निष्कर्ष २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. एका गटाला कसे बसावे-निजावे हे शिकवून आठ आठवडे व्यायाम दिला, दुसऱ्याला एक इंजेक्शन, तिसऱ्याला नुसता धीर. आठ आठवड्यांनी बरे वाटते म्हणणारे पहिल्या गटात शंभरात ७७, इंजेक्शनच्या गटात ५८ आणि तिसऱ्यात २९ होते. वर्षाने ते आकडे ७९, ५८ आणि ५२ झाले. वेदना किती, एवढेच मोजले तर वर्षाअखेर पहिले दोन गट सारखेच होते, हेही सांगितले पाहिजे. तरी वर्षाने इंजेक्शनवाले आणि काहीच न केलेले यांच्यात फारसे अंतर उरले नाही, ही बाब बोलकी आहे. झोपच लागत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने एखादे घ्यावे, पण मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, ती तपासत राहावी.

व्यायाम अवघड नाही. उताणे निजून गुडघ्यांखाली उशी घ्यावी, पाय खांद्यांएवढे फाकवून मांड्यांभोवती जुन्या साडीची पट्टी बांधावी आणि पट्टीला बाहेरच्या बाजूने हळूच रेटावे. दहा आकडे मोजून सैल सोडावे, असे दहा वेळा. मग गुडघे मोडून, पावले जमिनीवर टेकवून कंबर सावकाश उचलावी आणि सावकाश खाली ठेवावी. तिसरा व्यायाम खुर्चीवरून हात न टेकवता उठण्या-बसण्याचा. हे जमू लागले की भिंतीला हात लावून बाजूच्या बाजूने चार पावले इकडे, चार तिकडे. करताना थोडे दुखले तर भिऊ नये, पण त्या रात्री ठणका वाढला तर दुसऱ्या दिवशी निम्मे करावे. गुडघा धरून विरुद्ध खांद्याकडे ओढण्याचा एक प्रकार काही जण शिकवतात. तो या दुखण्यात टाळावा. उतार पडायला दोन-तीन महिने लागतात. आठ दिवसांत गुण नाही म्हणून सोडून देऊ नये. वजन जास्त असेल तर ते थोडे उतरले तरी खुब्याला कळते.

मात्र प्रत्येक खुबेदुखी ही नव्हे. दुखणे पुढे जांघेत असेल, खाली वाकून पायात चप्पल घालणेच कठीण झाले असेल, तर सांधा झिजल्याची शक्यता अधिक. कमरेपासून पावलापर्यंत मुंग्या आणि बधिरपणा असेल तर मणक्याकडे पाहावे लागते. पडल्यानंतर पायावर भारच टाकता येत नसेल तर हाड मोडले असे समजून लगेच रुग्णालय गाठावे, मालीश करणाऱ्याला बोलावू नये. आणि खुब्याच्या बाजूला गाठीसारखी सूज, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे अशी लक्षणे असतील तर क्षयाची तपासणी मागून घ्यावी. या पिशवीला आणि हाडाला क्षय होऊ शकतो, आणि त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

इन्सुलीच्या भगिनीने सावंतवाडीच्या उपजिल्हा रुग्णालयात जावे किंवा पुढे बांबोळीला, नातीला बरोबर न्यावे. डॉक्टरांना नुसते ‘पाय दुखतो’ असे सांगू नये. बोट ठेवून जागा दाखवावी, रात्री कोणत्या कुशीवर काय होते ते सांगावे. दुखऱ्या पायावर एकट्याने अर्धा मिनिट उभे राहिले की बाहेरच्या अंगाला कळ येते का, हे घरीच भिंतीजवळ पाहून ठेवावे आणि तेही सांगावे. जुना एक्स-रे आणि मुंबईहून आलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, रिकामी झालेलीसुद्धा, पिशवीत घालून न्यावीत.