घेणाऱ्याचं नाव कुणाच्या मालकीचं?

गुप्तदान हा शब्द आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. देवळाचं पावतीपुस्तक घ्या, नाहीतर गावच्या वाचनालयाचा वार्षिक अहवाल घ्या. 'एक हितचिंतक, रु. ५००१' अशी एखादी ओळ त्यात असतेच. तो हितचिंतक कोण हे खजिनदाराला माहीत असतं, पण तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, असं आपण मुलांनाही शिकवतो. छानच आहे ते. पण एक गोष्ट कधी लक्षात आली आहे का? ही सगळी काळजी देणाऱ्याची आहे. घेणाऱ्यालाही गुपचूप घेता यावं, त्याचंही नाव झाकलेलं राहावं, यासाठी आपल्याकडे साधा शब्दसुद्धा नाही.

शब्द नाही, कारण तशी गरजच कुणाला वाटलेली नाही. देणारा 'हितचिंतक' आणि घेणारा मात्र पूर्ण नाव, इयत्ता, शाळा, वडिलांचा धंदा आणि फोटोसकट!

आमच्या भागात एक संस्था आहे. गरजू मुलांच्या फीला आणि औषधोपचाराला मदत करते. काम खरोखर चांगलं आहे, पैशात कुठे काळंबेरं नाही. गेल्या वर्षी त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, म्हणजे अडीचतीनशे माणसांसमोर, मदत मिळालेल्यांची यादी आली. चाळीस नावं. नावापुढे मोबाईल नंबर, वार्षिक उत्पन्न, आणि शेवटच्या रकान्यात 'मदतीचे कारण'. त्या रकान्यात काय काय होतं! 'वडील व्यसनी', 'आई सोडून गेली', 'मानसिक उपचार चालू'. चौदापंधरा वर्षांच्या मुलांबद्दल हे लिहिलेलं. त्याच ग्रुपवर त्या मुलांचे शेजारी, शिक्षक, नातेवाईक, त्यांच्या वर्गातल्या मुलांचे पालक. मी सचिवांना फोन केला. त्यांचं उत्तर असं, "बाई, यात लपवायचं काय? आपला कारभार पारदर्शक आहे. आणि आपण त्यांचं भलंच करतोय ना?"

या दोन वाक्यांत सगळा रोग आहे, म्हणून त्यांचाच समाचार घेते.

आधी पारदर्शकता. पारदर्शक असायचं ते संस्थेने. पैसा कुठून आला, कुठे गेला, विश्वस्तांनी प्रवासखर्च किती घेतला, कार्यालयाच्या भाड्यावर किती गेले, हे जरूर सांगावं. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावेच लागतात. हिशेब तपासणाऱ्याने अर्जांची फाईल पाहावी, त्याचं ते कामच आहे. पण 'चाळीस मुलांना फीसाठी अमुक रुपये दिले' एवढं सांगितलं की देणगीदारापुरता हिशेब पूर्ण होतो. त्यातल्या सतराव्या मुलाचे वडील दारू पितात हे कळल्याने जमाखर्चाचा ताळा जास्त चांगला जुळत नाही. संस्थेने आपल्या कपाटाला काच लावायची असते, गरिबाच्या घराच्या भिंती पाडायच्या नसतात.

आता 'भलंच करतोय' या वाक्याकडे येऊ. त्याचा खरा अर्थ असा, की मदत घेतली म्हणजे त्या माणसाने आपली माहिती आम्हाला विकली. किंमत चुकती झाली, आता माल आमचा. तो आम्ही फ्लेक्सवर लावू, अहवालात छापू, पुढच्या देणगीदाराला दाखवू. तसं असेल तर ते दान राहिलं नाही, सौदा झाला. आणि सौदाही असा, की विकणाऱ्याला आपण काही विकतो आहोत हे कुणी सांगितलेलंच नाही.

यावर लगेच उत्तर येतं की आम्ही सही घेतो. सही! उद्या फी भरायची शेवटची तारीख आहे, समोर टेबलापलीकडे मदत देणारे साहेब बसलेत, आणि अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात 'माझा फोटो व माहिती प्रसिद्ध करण्यास माझी हरकत नाही' असं छापलंय. कोणती आई तिथे हरकत घेईल? ज्याला नाही म्हणायची सोय नाही, त्याच्या होकाराला काही अर्थ नसतो. संमती खरी की खोटी हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. सही न करणाऱ्यालाही तेवढीच मदत, तेवढ्याच वेळात मिळते का? मिळत असेल तर ती संमती.

'गरिबाला कसली आलीय प्रायव्हसी' असंही काही जण खाजगीत म्हणतात. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २४ ऑगस्ट २०१७ चा निकाल समजून घ्यावा. नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, आणि तो काही मूठभर सुखवस्तूंचा चोचला आहे हा युक्तिवाद मान्य केला नाही. मला तर वाटतं, गरिबालाच त्याची गरज जास्त आहे. श्रीमंताची अब्रू सांभाळायला वकील असतो. गरिबाकडे अब्रूखेरीज दुसरं फारसं काही नसतं, आणि तीच आपण यादीत छापतो.

हे फक्त लाजेपुरतं आहे असंही कुणी समजू नये. रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचं उदाहरण घ्या. युद्धात, स्थलांतरात, आपत्तीत ताटातूट झालेल्या माणसांना शोधून त्यांच्या घरच्यांशी गाठ घालून देणं, हे या समितीचं एक फार जुनं काम. त्यासाठी माहिती लागतेच. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की त्यांच्या संगणकांत कुणीतरी घुसलं असून ५ लाख १५ हजारांहून अधिक लोकांची माहिती हाती लागली आहे. कोण होते हे लोक? हरवलेली माणसं, त्यांची कुटुंबं, तुरुंगात असलेले, घरदार सोडून पळालेले. जगातल्या किमान ६० देशांतल्या रेडक्रॉस आणि रेडक्रेसेंट संस्थांनी गोळा केलेली ही नावं. ज्या माणसाच्या मागे कुणी मारेकरी लागला आहे, त्याचा पत्ता फुटणं म्हणजे काय, याची कल्पना करा.

पण या समितीने पुढे जे केलं ते आपल्या संस्थांनी शिकण्यासारखं आहे. झालेली गोष्ट दडपली नाही. काही आठवड्यांतच त्यांनी सविस्तर सांगितलं की हल्लेखोर नोव्हेंबर २०२१ मध्येच आत शिरले होते, ते लक्षात यायला सत्तर दिवस लागले, आणि संगणकातली एक त्रुटी वेळेवर बुजवायची आपल्याकडून राहिली होती. ज्यांची माहिती गेली त्यांना शोधून कळवण्याचं कामही हाती घेतलं. आपल्याकडे एखाद्या संस्थेचा लॅपटॉप रिक्षात राहिला तर अर्जदारांना फोन करून कोण सांगेल? 'नवीन लॅपटॉपसाठी देणगी द्या' एवढाच निरोप येईल.

दुसरं उदाहरण रोहिंग्या निर्वासितांचं. बांगलादेशातल्या छावण्यांत त्यांची नोंदणी झाली ती धान्य आणि इतर मदत मिळावी म्हणून, असं त्यांच्यातल्या अनेकांना वाटत होतं. जून २०२१ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने आरोप केला, की संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक यंत्रणेने बांगलादेश सरकारबरोबर गोळा केलेली ही माहिती पुढे म्यानमार सरकारकडे गेली, आणि पुष्कळांना त्याची नीट कल्पनाच दिलेली नव्हती. म्हणजे ज्या सरकारच्या भीतीने पळाले त्याच्याच हातात! आम्ही रीतसर विचारलं होतं, असं त्या यंत्रणेचं म्हणणं होतं. पण शिधापत्रिकेच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला विचारणं म्हणजे विचारणं का, हा प्रश्न उरतोच. तो आमच्या संस्थेच्या टेबलाशी आहे तोच प्रश्न आहे, फक्त फार मोठा झालेला.

आणि देणगीदारांच्या बाबतीत काय होतं तेही बघा. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१६ मध्ये आरएसपीसीए ही प्राण्यांसाठी काम करणारी संस्था आणि ब्रिटिश हार्ट फाउंडेशन या दोघांना तिथल्या माहिती आयुक्तांनी अनुक्रमे २५ हजार आणि १८ हजार पौंड दंड केला. एप्रिल २०१७ मध्ये आणखी ११ संस्थांना झाला. गुन्हा काय? काही संस्थांनी देणगीदारांना न सांगता, त्यांच्यापैकी कोण किती श्रीमंत आहे याचा अंदाज बाहेरच्या कंपन्यांकडून काढून घेतला. काहींनी देणगीदारांची नावं दुसऱ्या संस्थांना दिली. दंड झाला ते योग्यच झालं. पण देणाऱ्याला आवाज असतो. तो तक्रार करतो, देणगी बंद करतो. घेणारा तक्रार कुणाकडे करणार? ज्याच्याकडून पुढच्या वर्षीची फी यायची आहे त्याच्याचकडे?

आपल्याकडे कायदे अजिबात नाहीत असंही नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे चौकशी किंवा खटल्याच्या वृत्तांतात संबंधित बालकाचं नाव, पत्ता, शाळासुद्धा उघड करता येत नाही. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. एचआयव्हीबाधितांची माहिती सांभाळण्याचं बंधन २०१७ च्या कायद्याने घातलं आहे. आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा सर्वसाधारण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य बंधनं लागू होण्यासाठी त्यात अठरा महिन्यांची मुदत ठेवली. हा कायदा धर्मादाय संस्थांनाही लागू आहे. संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामापुरती आणि कामाला लागेल तेवढ्याच माहितीची हवी. ती परत घेता आली पाहिजे. अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची खात्रीशीर संमती हवी. माहिती कशासाठी घेतो याची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत मिळाली पाहिजे, म्हणजे मराठीतही!

पण एक मेख आहे. हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. कागदावर घेतलेली आणि कागदावरच राहिलेली माहिती त्यात येत नाही. आपल्या निम्म्या संस्था अजून रजिस्टरवर आणि झेरॉक्सवर चालतात. पाच वर्षांपूर्वीचे अर्ज, त्यांना टाचलेलं आधारकार्ड, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांची चिठ्ठी, हे सगळं कपाटावर बांधून ठेवलेलं असतं. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाला किलोच्या भावाने घेऊन जातो. कायदा कागदाला लागत नाही म्हणून लाजही लागू नये काय?

हे सांभाळायला पैसा आणि तज्ज्ञ लागतात, आम्ही छोटी माणसं, असं संस्थावाले म्हणतील. मला ते पटत नाही. मी ज्या शाळेत शिकवत होते तिथे एक मुख्याध्यापक होते. ई.बी.सी.च्या फीमाफीचे अर्ज आले की यादी वर्गात वाचायची नाही, असा त्यांचा दंडक होता. कारकून सगळ्याच मुलांना एकेक बंद पाकीट द्यायचा. कुणाच्या पाकिटात फीमाफीचा अर्ज, कुणाच्या पाकिटात नुसती फीची सूचना. बाकावर शेजारी बसलेल्याला कळायचं नाही कुणाला काय मिळालं. खर्च काय आला? थोडी पाकिटं आणि अर्धा तास. त्यासाठी ना संगणक लागला, ना कायदा. समोरच्या मुलालाही मान आहे एवढं ध्यानात ठेवलं की पुरे होतं.

म्हणून संस्थाचालकांकडे माझं मागणं साधं आहे. लागेल तेवढीच माहिती घ्या. फीसाठी आलेल्या मुलीच्या आईवडिलांचं का पटत नाही ते विचारू नका. आधारची प्रत लागलीच तर शेवटचे चारच आकडे दिसतात ती मास्क्ड प्रत घ्या. अर्ज कोण बघणार ती दोन-तीन माणसं ठरवा, आणि फाईल कुलपात ठेवा. याद्या ग्रुपवर टाकू नका. काम संपलं, हिशेबासाठी ठेवायची मुदत संपली, की कागद फाडून नष्ट करा. संगणकातलंही पुसा. चुकून काही फुटलं तर ज्याचं फुटलं त्याला आधी सांगा.

आणि देणगीदारांकडेही एक मागणं आहे, कारण खरी गोम तिथेच आहे. संस्था फोटो काढतात ते आपण मागतो म्हणून. वही घेतानाचा मुलाचा चेहरा दिसल्याशिवाय आपल्याला दिल्यासारखं वाटत नाही. तर पुढच्या वेळी चेक देताना संस्थेला एवढंच सांगा, की मला फोटो नको, नावं नकोत, हिशेब तेवढा चोख पाठवा. दहा देणगीदारांनी असं सांगितलं तर अकराव्याला फोटो दाखवायची संस्थेची हिंमत होणार नाही.

आपलं नाव गुप्त ठेवायचा हक्क आपण हक्काने घेतो. तोच हक्क आपल्याकडून मदत घेणाऱ्यालाही द्यावा, इतकंच. बघा पटतंय का.